बॅकअप आहे, पण तो परत येईल का?

छोट्या व्यवसायातील संगणकीय माहिती कशी जपावी, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचा यंत्रांचे सुटे भाग विकण्याचा व्यवसाय आहे. पाच माणसे आणि तीन संगणक एवढाच पसारा आहे. हिशेब, मालाचा साठा आणि ग्राहकांची येणी यांच्या नोंदी एकाच संगणकावर असतात. महिनाअखेरीस मी सगळे फोल्डर एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो आणि तो टेबलाच्या खणात ठेवतो. एवढे पुरेसे आहे का? नसेल, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : एवढे पुरेसे नाही. तरीही दर महिन्याला न चुकता नक्कल घेण्याची सवय तुम्हाला आहे, आणि पुढची सगळी व्यवस्था या सवयीवरच उभी करता येईल.

सुरुवात उपकरणांच्या खरेदीपासून करू नका. आधी असे समजा, की महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी तो मुख्य संगणक सुरूच झाला नाही. तुमच्या हातात मागच्या महिनाअखेरची नक्कल आहे. मधल्या चार आठवड्यांतली बिले कागदावर असतील तर ती पुन्हा चढवता येतील. पण कोणत्या ग्राहकाने किती रक्कम भरली, कोणता माल परत आला, कोणाला कोणत्या दराने भाव दिला, हे सगळे आठवणीतून उभे करावे लागेल. म्हणून पहिला प्रश्न असा, की किती काळाचे काम पुन्हा करण्याची तुमची तयारी आहे? दुसरा प्रश्न असा, की नोंदी हाताशी नसताना व्यवहार किती वेळ चालू राहू शकतो? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून बॅकअप किती वेळाने घ्यायचा हे ठरते, तर दुसऱ्याच्या उत्तरावरून तो कोठे आणि कोणत्या स्वरूपात ठेवायचा हे ठरते. विक्री रोज होत असेल, तर हिशेब आणि साठा यांचा बॅकअप रोज झाला पाहिजे. जाहिरातीची जुनी चित्रे आठवड्यातून एकदा घेतली तरी काही बिघडत नाही.

त्यानंतर काय काय जपायचे आहे याची यादी करा, आणि ती एकट्याने बसून करू नका. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या शेजारी थोडा वेळ बसून विचारा, की तुझा संगणक आज गेला तर कोणती गोष्ट परत मिळणार नाही? अशा वेळी ज्या गोष्टी बाहेर येतात, त्या मालकाला ठाऊक नसतात. दरपत्रकाची सर्वांत ताजी फाइल कोणाच्या तरी डेस्कटॉपवर असते, पुरवठादारांचे करार डाउनलोड फोल्डरमध्ये पडून असतात, जुन्या ईमेलचा सगळा साठा एकाच संगणकावरच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये असतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक, बिलाचा नमुना, प्रिंटर आणि राउटर यांची जुळणी, संकेतस्थळाच्या नावाच्या नोंदणीचे लॉगिन, हेही त्या यादीत हवे, कारण डेटा सुखरूप असूनही या गोष्टी हाताशी नसल्या तर काम अडून राहते.

नकला किती आणि कोठे, यासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला तीन-दोन-एकचा नियम आजही सर्वांत सोपा आणि भरवशाचा आहे. कामाची मूळ प्रत धरून एकूण तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी असावी. तुमचा पेन ड्राइव्ह संगणकाच्याच टेबलात असतो. आग लागली, पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर दोन्ही एकदमच जातील. घराची दुसरी किल्ली घरातच टांगून ठेवण्यासारखेच हे आहे.

तुमच्या सध्याच्या पद्धतीत आणखी दोन धोके लपलेले आहेत. पहिला असा, की हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडे असताना त्याचे फोल्डर जसेच्या तसे उचलून दुसरीकडे टाकले, तर नक्कल अर्धवट होऊ शकते. सॉफ्टवेअर त्याच क्षणी एखाद्या फाइलमध्ये नोंद लिहीत असते. एक फाइल नोंदीपूर्वीची आणि दुसरी नोंदीनंतरची अशी उचलली जाते, आणि पुढे ती नक्कल उघडायला गेल्यावर सॉफ्टवेअर ती नाकारते. म्हणून अशा सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपची जी स्वतःची सोय असते तीच वापरावी, आणि तशी सोय नसेल तर सगळ्या संगणकांवर सॉफ्टवेअर बंद करून मगच नक्कल घ्यावी. दुसरा धोका पेन ड्राइव्हचा आहे. अनेक पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. ड्राइव्हवर भरपूर जागा रिकामी असूनही ईमेलची ती मोठी फाइल उतरत नाही. पडद्यावर सूचना येते, घाईत कोणीतरी ‘वगळा’वर टिचकी मारते, आणि नेमकी तीच फाइल प्रत्येक महिन्याच्या नकलेतून गळत राहते. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केला तर ही मर्यादा उरत नाही. मात्र फॉरमॅट करताना त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून आधी त्यावरच्या फाइली दुसरीकडे घ्या. तसे पाहिले तर पेन ड्राइव्ह फाइली इकडून तिकडे नेण्यासाठी ठीक आहे. व्यवसायाचा एकमेव बॅकअप त्याच्यावर सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या आकाराच्या व्यवसायासाठी मी अशी मांडणी सुचवेन : रोज काम संपल्यावर आपोआप चालणारा बॅकअप एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, त्याच डेटाची कूटबद्ध, म्हणजे पासवर्ड किंवा चावीशिवाय वाचता न येणारी, प्रत रोज रात्री एखाद्या ऑनलाइन बॅकअप सेवेवर, आणि दोन हार्ड डिस्क आलटून पालटून वापरायच्या, म्हणजे दर आठवड्याला एक जोडलेली राहील आणि दुसरी मालकाच्या घरी किंवा अन्य सुरक्षित ठिकाणी जाईल. ‘आपोआप’ या शब्दावर मी मुद्दाम भर देत आहे. हाताने घ्यायचा बॅकअप नेमका गर्दीच्या दिवशी राहून जातो, आणि सर्वांत जास्त नोंदी त्याच दिवशी झालेल्या असतात.

प्रश्न : आमच्या लहानशा छपाई व्यवसायात सगळ्या फाइली क्लाउडवरच्या सामाईक फोल्डरमध्ये असतात. प्रत्येकाच्या संगणकावर त्यांची प्रत आपोआप येते. मग वेगळा बॅकअप घेण्याची गरज आहे का?

उत्तर : आहे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या सेवांचे मुख्य काम सगळीकडच्या फाइली एकसारख्या ठेवणे हे आहे, आणि हे काम त्या चोख करतात. मात्र त्यामुळेच एखाद्याने आपल्या लॅपटॉपवरून चुकून एक फोल्डर काढून टाकला, तर तो सगळ्यांच्याच संगणकांवरून जातो. एखादी फाइल बिघडली, तर बिघडलेली फाइल सगळीकडे पोहोचते.

काढलेल्या फाइली या सेवा काही काळ राखून ठेवतात हे खरे आहे; परंतु तो काळ मर्यादित असतो. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. वर्ड किंवा पीडीएफसारख्या चढवलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तेथे साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. छपाईच्या धंद्यात एखाद्या ग्राहकाचे काम वर्षातून एकदाच येते. त्याची मूळ फाइल मधल्या काळात कोणी काढून टाकली असेल, तर ते ग्राहक पुढच्या वेळी दारात आल्यावरच लक्षात येते, आणि तोवर कचरापेटीची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. म्हणून क्लाउडवरच्या फोल्डरचाही एक स्वतंत्र बॅकअप हवा, मग तो दुसऱ्या सेवेवर असो किंवा तुमच्याकडच्या डिस्कवर. हा बॅकअप घेताना एक बारकाई पाहा. जागा वाचावी म्हणून या सेवा पुष्कळदा फाइलीचे फक्त नाव संगणकावर दाखवतात आणि फाइल उघडल्यावरच ती खाली उतरवतात. अशा संगणकावरून फोल्डरची नक्कल घेतली, तर बॅकअपच्या सॉफ्टवेअरनुसार काही फाइली वगळल्या जाऊ शकतात. ज्या संगणकावरून बॅकअप होतो, त्यावर सगळ्या फाइली पूर्ण उतरवून ठेवण्याची निवड करा.

खाते कोणाच्या नावावर आहे तेही आजच तपासा. सामाईक फोल्डर एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यात उघडलेला असेल आणि त्याने नोकरी सोडली, तर व्यवसायाचा डेटा त्याच्या सौजन्यावर अवलंबून राहतो. खाते व्यवसायाच्या नावाने आणि मालकाच्या ताब्यातच असले पाहिजे.

क्लाउड म्हणजे शेवटी कोठल्या तरी इमारतीतले संगणकच असतात, हेही ध्यानात ठेवा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा केंद्राला आग लागली आणि त्यातली एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांचे बॅकअप वेगळ्या शहरात होते, त्यांना पुन्हा उभे राहता आले. काहींचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांचे मात्र कायमचे नुकसान झाले. सेवा देणाऱ्याला ‘तुम्ही बॅकअप घेता का’ एवढेच विचारून थांबू नका. तो कोठे ठेवला जातो, तो परत मिळण्याची हमी करारात आहे का, आणि मिळायला किती वेळ लागतो, हे लेखी घ्या.

वेळेचा हिशेब तर तुम्ही स्वतःच करू शकता. ५०० जीबी डेटा ५० एमबीपीएसच्या जोडणीवरून परत उतरवायचा असेल, तर जोडणी एकदाही न अडखळता पूर्ण वेगाने चालली तरी सुमारे २२ तास लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतील. छपाईच्या फाइली मोठ्या असतात, म्हणून तुम्हाला मी क्लाउडबरोबर जवळ एक डिस्क ठेवण्याचा आग्रह धरेन.

प्रश्न : आमच्या मुख्य संगणकाला एक हार्ड डिस्क कायम जोडलेली असते आणि दर तासाला बॅकअप होतो. माझे भागीदार म्हणतात की आता काळजीचे कारण नाही. पण रॅन्समवेअरविषयी वाचल्यापासून मला शंका येते. ती रास्त आहे का?

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या उघडण्यासाठी खंडणी मागणारा घातक प्रोग्राम. संगणकावर बसलेल्या वापरकर्त्याला जिथे जिथे लिहिण्याची मुभा असते, तिथे तिथे हा प्रोग्रामही लिहू शकतो. जोडून ठेवलेली डिस्क, नेटवर्कवरचा सामाईक फोल्डर, क्लाउडचा एकसारखा राहणारा फोल्डर, या सगळ्यांपर्यंत त्याचा हात पोहोचतो. विंडोजने आतल्या आत राखलेल्या जुन्या छायाप्रतीही असे अनेक प्रोग्राम सर्वांत आधी पुसतात. दर तासाचा बॅकअप फाइल चुकून काढली जाणे किंवा डिस्क बिघडणे यांवर उत्तम उपाय आहे, म्हणून तो बंद करू नका. त्याच्या जोडीला अशी एक प्रत हवी, की जी हल्ल्याच्या क्षणी कशालाही जोडलेली नसेल.

एकमेकांशी जोडलेल्या नकला कशा एकदम जातात, याचे मोठे उदाहरण जून २०१७ मधील नॉटपेट्या या घातक प्रोग्रामच्या हल्ल्याचे आहे. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीकडे संपूर्ण नेटवर्कचा नकाशा आणि वापरकर्त्यांचे अधिकार सांभाळणारे शंभराहून अधिक सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांची नक्कल ठेवत. एक गेला तर दुसऱ्यावरून परत आणू, अशी त्यामागची कल्पना होती. सगळेच एकाच वेळी पुसले जातील हे गृहीत धरलेले नव्हते, आणि तेच घडले. वाचला तो फक्त घानामधला एक सर्व्हर, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. त्या कंपनीला जे वीज गेल्यामुळे लाभले, ते तुम्ही केबल काढून रोज मिळवू शकता.

व्यवहारात दोन डिस्कची अदलाबदल हा यावरचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तास-तासाची डिस्क जोडलेली राहू द्या आणि आठवड्याची डिस्क फक्त बॅकअपपुरती जोडून लगेच काढून घ्या. ऑनलाइन सेवा घेत असाल, तर ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, म्हणजे खुद्द तुमच्या खात्यालाही, पुसता वा बदलता येणार नाही अशी प्रत ठेवण्याची सोय तिच्यात आहे का, ते पाहा. बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड रोजच्या वापराच्या पासवर्डपेक्षा वेगळा असावा आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी असावी.

हल्ला झालाच, तर घाईने बॅकअपची डिस्क त्या संगणकाला लावू नका, नाहीतर तीही जाईल. आधी सगळे संगणक नेटवर्कपासून तोडा, मग यंत्रणा नव्याने बसवा आणि त्यानंतरच डिस्क जोडा. काही जुन्या रॅन्समवेअरच्या चाव्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. युरोपीय संघाची पोलीस संस्था युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि संगणक-सुरक्षेतील कंपन्यांनी तो २०१६ मध्ये सुरू केला. आपल्यावर झालेल्या हल्ल्याची चावी तेथे असेलच असे नाही, पण खंडणीचा विचार मनात येण्यापूर्वी तेथे जरूर पाहावे. पैसे भरल्यावर फाइली परत मिळतात याची कसलीही हमी नसते.

प्रश्न : विक्रेत्याने आम्हाला दोन डिस्क असलेली पेटी दिली आहे. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळे राहते असे तो सांगतो. मग हाच बॅकअप झाला ना?

उत्तर : नाही. या रचनेला रेड (RAID) म्हणतात. एक डिस्क बंद पडली तरी काम न थांबता चालू राहावे, एवढाच तिचा उद्देश आहे. तुम्ही फाइल काढली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, आणि पेटी चोरीला गेली तर दोन्ही डिस्क जातात. पेटी उपयोगाची आहे. तिचा बॅकअप वेगळा घ्या.

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपासून रोज बॅकअप घेतो. सॉफ्टवेअर रोज ‘यशस्वी’ असा संदेश दाखवते. आजवर परत आणण्याची वेळ आलेली नाही. आणखी काही करावे का?

उत्तर : या महिन्यात मिळालेल्या सगळ्या पत्रांत मला हे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले. परत आणून पाहिलेला नाही, तोवर तुमच्याकडे बॅकअप आहे असे मी म्हणणार नाही. तुमच्याकडे बॅकअप असावा अशी समजूत आहे, आणि संकटाच्या दिवशी समजुतीवर भिस्त ठेवता येत नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत जे घडले, ते यासाठी मुद्दाम सविस्तर सांगतो. ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळते, म्हणजे तंत्रज्ञानाची तिच्याकडे वानवा नव्हती. रात्री उशिरा एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा म्हणून आज्ञा दिली, आणि ती चुकून मुख्य सर्व्हरवर चालली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोजचा बॅकअप ज्या जागी साठायचा, ती जागा रिकामी होती. बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो प्रत्येक वेळी अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारे ईमेल निघत होते, परंतु ईमेलच्या पडताळणीच्या नियमांत न बसल्यामुळे ते नाकारले जात होते आणि कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. कंपनीने स्वतःच जाहीर केले, की पाच वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकही नीट चालू नव्हती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती. सुमारे सहा तास आधी त्याच अभियंत्याने दुसऱ्या कामासाठी हाताने एक प्रत घेतली होती, तिच्यावरून डेटा परत आणला गेला. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने यातले काहीही न लपवता सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळेच बाकीच्यांना आपापली व्यवस्था तपासून पाहता आली.

तुमच्याकडचा ‘यशस्वी’ हा संदेश फार तर एवढेच सांगतो, की जे फोल्डर निवडले होते ते उतरले. दीड वर्षापूर्वी नव्या सॉफ्टवेअरने डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली असेल, तर रोज जुना, रिकामा फोल्डर ‘यशस्वी’पणे उतरत असेल.

चाचणी पुढीलप्रमाणे करा. मुख्य संगणकाला हात न लावता दुसरा एखादा संगणक घ्या आणि त्यावर हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवा. इथेच पहिला अडथळा येतो, कारण परवान्याचा क्रमांक सापडत नाही किंवा जुन्या आवृत्तीची बसवण्याची फाइल मिळत नाही. हे आजच कळलेले बरे. मग कालचा बॅकअप त्यावर उतरवा, कधीही मूळ डेटावर उतरवू नका. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या कंपनीचे हिशेब उघडा. शेवटच्या बिलाचा क्रमांक मुख्य संगणकावरच्या काल संध्याकाळच्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहा. बँकेची शिल्लक जुळवा. एखाद्या जुन्या ग्राहकाचे खाते उघडून त्याला जोडलेले कागद, म्हणजे खरेदीपत्र किंवा स्कॅन केलेली पावती, प्रत्यक्ष उघडतात का ते पाहा. नोंदी बरोबर आलेल्या असतात आणि जोडलेल्या फाइली मागे राहिलेल्या असतात, असे पुष्कळदा आढळते. एक बिल छापून पाहा. या सगळ्याला किती वेळ लागला आणि वाटेत काय अडले, ते कागदावर लिहून ठेवा. तोच कागद पुढे संकटाच्या दिवशी तुमची कार्यपद्धती होईल. दर तीन महिन्यांनी हे करा, आणि दर वेळी वेगळ्या माणसाकडून करवून घ्या, म्हणजे ते एकाच्याच डोक्यात राहणार नाही. अधूनमधून सहा महिन्यांपूर्वीची एखादी फाइल काढून पाहा, म्हणजे जुन्या प्रती खरोखर टिकत आहेत हेही कळेल.

प्रश्न : आमच्या बहुतेक मागण्या व्हॉट्सॲपवर येतात. फोन हरवला तर काय?

उत्तर : व्हॉट्सॲपचे संवाद अँड्रॉइडवर गूगल खात्यात आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये राखता येतात. सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख आधी पाहा. खात्यातली जागा भरली की तो अडतो आणि तारीख तिथेच थबकते. २०२१ पासून हा बॅकअप कूटबद्ध करण्याची सोय आहे, तिला पासवर्ड किंवा ६४ अंकी चावी लावता येते. ती हरवली तर व्हॉट्सॲप कंपनीही तो उघडून देऊ शकत नाही. माझा खरा सल्ला मात्र वेगळा आहे. मागणीची नोंद संवादात पडून राहू देऊ नये, ती त्याच दिवशी तुमच्या हिशेबाच्या किंवा मागणीच्या नोंदीत चढली पाहिजे. याच फोनवर बँकेची किंवा ईमेलची पडताळणी करणारे कोड येत असतील, तर त्या सेवांनी दिलेले पर्यायी कोड छापून ठेवा, नाहीतर फोनबरोबर खात्यांचे दारही बंद होईल.

प्रश्न : बॅकअपला पासवर्ड लावावा का? तो विसरला तर सगळेच जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : लावावा. आवाराबाहेर जाणाऱ्या डिस्कवर तुमच्या ग्राहकांची नावे, पत्ते, व्यवहार, दवाखाना असेल तर रुग्णांच्या नोंदी असतात. ती डिस्क प्रवासात हरवली, तर नुकसान तुमच्यापुरते राहत नाही. तुमची भीतीही खरी आहे, आणि तिच्यावर उपाय चावी जपण्याचा आहे. विंडोजमधल्या बिटलॉकर या सोयीने डिस्क कूटबद्ध केल्यावर ४८ अंकी परतचावी, म्हणजे पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडून देणारी चावी, मिळते. ती त्याच संगणकावर साठवू नका. दोन कागदांवर छापा, पाकिटात बंद करा, एक पाकीट मालकाकडे आणि दुसरे भागीदाराकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पासवर्ड एकट्या माणसालाच माहीत असणे, हा माझ्या मते छोट्या व्यवसायांतला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. तो माणूस आजारी पडला, तर बॅकअप असूनही कोणी तो उघडू शकत नाही.

प्रश्न : जुने बॅकअप किती काळ ठेवावेत? दर वेळी जुन्यावर नवा उतरवला तर चालेल का?

उत्तर : एकाच प्रतीवर पुन्हा पुन्हा उतरवू नका, कारण चूक उशिरा लक्षात आली तर तोवर चुकीच्याच डेटाने चांगल्याची जागा घेतलेली असते. गेल्या सात दिवसांच्या रोजच्या, चार आठवड्यांच्या साप्ताहिक आणि बारा महिन्यांच्या मासिक प्रती ठेवण्याची रीत बहुतेकांना पुरते. वर्षअखेरची प्रत वेगळी काढावी आणि तुमच्या ठिकाणचा कायदा हिशेब जितकी वर्षे जपायला सांगतो, तितकी वर्षे ती ठेवावी. त्या प्रतीसोबत अहवाल पीडीएफमध्ये आणि खातेनोंदी सीएसव्ही, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये वाचता येणाऱ्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये काढून ठेवा, कारण दहा वर्षांनी आजचे सॉफ्टवेअर चालेलच असे नाही. दीर्घकाळ कपाटात ठेवायला एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) किंवा पेन ड्राइव्ह नको. विजेशिवाय पडून राहिले तर त्यांतला डेटा हळूहळू क्षीण होत जातो. फिरती हार्ड डिस्क त्यापेक्षा बरी, पण तीही वर्षातून एकदोनदा जोडून, तपासून, काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घ्यावी. डिस्क टाकून देताना तिच्यावरचा डेटा पूर्णपणे पुसूनच द्या.

प्रश्न : कालपासून आमच्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येतो आणि फाइली फार हळू उघडतात. बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा आहे. आता काय करावे?

उत्तर : तुम्हाला पत्राने आधीच कळवले आहे, परंतु इतरांच्या उपयोगासाठी येथेही देत आहोत. हा आवाज म्हणजे डिस्कचे आतले भाग निकामी होत असल्याची खूण असू शकते, आणि अशी डिस्क जितका वेळ चालू राहील तितका डेटा आणखी धोक्यात येतो. संगणक लगेच बंद करा. दुरुस्तीचे प्रोग्राम चालवू नका, विंडोज पुन्हा बसवू नका आणि डिस्क उघडून पाहण्याचा विचारही करू नका, कारण आत शिरलेला धुळीचा कणही तिच्या पृष्ठभागाला ओरखडे पाडू शकतो. दोन महिन्यांतल्या नोंदी मोलाच्या असतील, तर डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकार प्रयोगशाळेकडे द्या. तपासणीचे शुल्क आणि डेटा न मिळाल्यास काय आकारणार, हे आधी लेखी विचारा. दरम्यान दोन महिन्यांपूर्वीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून काम सुरू करा आणि मधली बिले, बँकेचे उतारे, पुरवठादारांचे ईमेल गोळा करायला लागा. प्रयोगशाळेकडून काय परत येईल ते येवो, पण ती डिस्क घरी वा कार्यालयात पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.